जमजमची बाटली आणि १०० मिली

(वडूज येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



खटाव तालुक्यातल्या माणसाला पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. येरळेचं कोरडं पात्र आपण सगळ्यांनी पाहिलंय. टँकर आला की हंडे घेऊन पळणाऱ्या आयाही पाहिल्यात. म्हणून आज मी एका पाण्याच्या बाटलीपासूनच सुरुवात करतो.

२०१४ साली मी अम्मीला घेऊन उमऱ्याला गेलो होतो. तेव्हा माझी खाला इथे वडूजला अंथरुणाला खिळली होती. अम्मीने हरममध्ये स्वतःच्या हाताने अर्ध्या लिटरच्या बाटलीत जमजम भरलं आणि बाटली खांद्याच्या पिशवीत ठेवली. खालासाठी. जमजमचा सीलबंद डबा सामानात वेगळा होताच, पण अम्मी म्हणाली, ‘‘हे मी तिचं नाव घेऊन भरलंय.’’

निघताना कुणी अडवलं नाही. वाटेत विमान बदलायचं होतं, तिथे पुन्हा तपासणी झाली. अधिकाऱ्याने पिशवीतून बाटली काढली आणि मान हलवली. अम्मीला इंग्रजी येत नाही. ती त्याला हाताने खुणा करून सांगत होती, ‘पाणी आहे, पाक पाणी आहे.’ तो ऐकून घेत होता, पण बाटली परत देत नव्हता. शेवटी एवढंच म्हणाला, ‘‘प्यायचं असेल तर इथे पिऊन टाका.’’ अम्मी बाकावर बसली, किब्ल्याची दिशा अंदाजाने धरली आणि अर्धं पाणी प्यायली. उरलेलं मला दिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी मात्र भडकलो होतो. मोठ्या आवाजात म्हणालो, ‘‘मुसलमान आहोत म्हणून चाललंय हे सगळं!’’ तेवढ्यात माझं लक्ष शेजारच्या पिंपाकडे गेलं. त्यात महागडे परफ्यूम होते, शाम्पू होते, टूथपेस्ट होत्या, कुणाची तरी दारूची भरलेली बाटली होती. आमच्या मागच्या गोऱ्या बाईंची क्रीमची डबीही त्यातच पडली. आमची रिकामी बाटली मी त्याच पिंपात टाकली. त्या पिंपाला जमजम आणि दारू यांतला फरक कळत नव्हता, माणसांचे धर्मही कळत नव्हते. त्याला फक्त १०० मिली कळत होतं.

मी इंजिनिअर. पासपोर्ट माझ्या खिशात, तिकीट माझ्या मोबाइलवर. तरी नियम मला माहीत नव्हता. ज्यांच्यामार्फत गेलो त्यांनी हॉटेल, बस, जेवण सगळं समजावलं होतं, बाटलीचं कुणी सांगितलं नाही. आणि मीही विचारलं नाही. अम्मीच्या डोळ्यांतल्या त्या पाण्याला निम्मा जबाबदार मी होतो.

घरी आल्यावर मी हा नियम आला कुठून ते शोधलं. तुम्हालाही ते माहीत असायला हवं.

१० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटिश पोलिसांनी जाहीर केलं की, लंडनहून अमेरिका-कॅनडाकडे जाणारी विमानं उडवायचा कट त्यांनी उधळला आहे. शीतपेयांच्या बाटल्यांत द्रवरूप स्फोटक भरून ते हातातल्या सामानातून न्यायचं, असा तो बेत होता. त्या दिवशी ब्रिटनच्या विमानतळांवर प्रवाशांना बाळाचं दूध आणि गरजेची औषधं सोडून कुठलाही द्रव आत नेऊ दिला नाही. पुढे ६ नोव्हेंबर २००६ पासून युरोपात १०० मिलीचा नियम लागू झाला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १ मार्च २००७ पर्यंत तो लागू करावा असं सगळ्या देशांना सुचवलं. म्हणून तो आज मुंबईतही आहे आणि आखातातही.

त्या कटातले दोषी मुसलमान होते. ही गोष्ट मी गाळून पुढे जाणार नाही. ब्रिटनच्या न्यायालयात खटला चालला, पुरावे आले, २००९ मध्ये शिक्षा झाल्या. गुन्हा त्यांचा होता. त्याची लाज माझ्या अम्मीने बाळगायचं कारण नाही, आणि तो झालाच नाही असं म्हणायचंही कारण नाही.

पण बाटलीची गोष्ट २००६ ला सुरू झाली नाही. २९ नोव्हेंबर १९८७ रोजी कोरियन एअरचं विमान हवेत फुटलं आणि ११५ माणसं गेली. उत्तर कोरियाच्या दोन हस्तकांनी रेडिओत बाँब आणि दारूच्या बाटलीत द्रवरूप स्फोटक ठेवलं होतं. ते स्वतः अबुधाबीला उतरून गेले. त्यांचा इस्लामशी काही संबंध नव्हता. डिसेंबर १९९४ मध्ये टोकियोला जाणाऱ्या फिलिपिन्सच्या विमानात स्फोट होऊन एक जपानी प्रवासी मेला. त्यातलं स्फोटक कॉन्टॅक्ट लेन्सच्या औषधाच्या बाटलीतून आत आणलं होतं, आणि ते आणणारा मुसलमान होता. म्हणजे धर्म बदलला, देश बदलला, बाटली तीच राहिली. जुन्या एक्स-रे यंत्राला साधं पाणी आणि घातक द्रव यांतला फरक नीट ओळखता येत नाही. म्हणून नियम करणाऱ्यांनी सोपा मार्ग काढला: प्रत्येकाकडचा द्रवच कमी करायचा.

आता कामाचं बोलतो. लिहून घ्या, घरी सांगायचं आहे.

आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेत प्रत्येक बाटली १०० मिलीपर्यंतचीच हवी. अशा सगळ्या बाटल्या एका लिटरच्या पारदर्शक, तोंड बंद होणाऱ्या पिशवीत बसल्या पाहिजेत. एका प्रवाशाला अशी एकच पिशवी. मोजतात ते बाटलीचं माप. २०० मिलीच्या बाटलीत तळाला ५० मिली उरलं असलं तरी ती चालत नाही.

द्रव म्हणजे फक्त पाणी नाही. तेल, तूप, मध, लोणचं, टूथपेस्ट, क्रीम, जेल, स्प्रे सगळं त्यात येतं. तिकडच्या नातेवाइकांसाठी महाबळेश्वरचा मध नेताय? चेक-इन बॅगेत घाला, तोही झाकण घट्ट लावून, दोन पिशव्यांत गुंडाळून. शेंगदाण्याची कोरडी चटणी द्रवात मोडत नाही. अत्तराची लहान कुपी पारदर्शक पिशवीत बसते.

इन्सुलिन, गरजेची औषधं, तान्ह्या बाळाचं दूध यांना प्रवासापुरती सूट असते. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा आणि विचारायच्या आधीच बाहेर काढून दाखवा. रिकामी बाटली नेता येते. तपासणी झाल्यावर आत भरून घ्या.

विमानतळावरच्या ड्यूटी-फ्री दुकानातून द्रव घेतला तर तो सीलबंद पिशवीत पावतीसह मिळतो. शेवटच्या मुक्कामापर्यंत ते सील फोडू नका. काही विमानतळांवर आता नवे स्कॅनर आलेत आणि तिथे नियम सैल झालाय. पण परतीच्या आणि मधल्या विमानतळावर तो सैल असेलच असं नाही. सगळ्यांत कडक विमानतळ कोणता ते बघून बॅग भरा.

आणि जमजम. हज कमिटीमार्फत जाणाऱ्या हाजींना परतल्यावर ५ लिटर मिळतं. उमऱ्याला जाणाऱ्यांसाठी जेद्दा विमानतळावर ५ लिटरचा सीलबंद डबा विकत मिळतो. तो सामानासोबत जमा करायचा असतो. आपली विमान कंपनी किती नेऊ देते ते तिकीट काढतानाच विचारा. हाताने भरलेले कॅन कपड्यांत लपवून चेक-इन बॅगेत कोंबू नका. कॅन फुटला की शेजारच्या माणसाचं सामान भिजतं. पाक पाणी लपवून आणायचं आणि दुसऱ्याचं नुकसान करायचं, यात सवाब कसला?

कुणी दिलेलं बंद पार्सल, बंद बाटली घेऊन जाऊ नका. २०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं नातेवाइकाने दिलेल्या पुडक्यापायी दोह्यात पकडलं गेलं. आत अमली पदार्थ निघाले. निर्दोष सुटून घरी यायला त्यांना २०२१ उजाडलं. ‘नाही’ म्हणायला वाईट वाटतं, पण तेवढं वाईट वाटून घ्या.

तुम्ही म्हणाल, म्हणजे आमच्याशी भेदभाव होतच नाही का? होतो. नाव वाचून बाजूला उभं करतात, दाढी किंवा हिजाब बघून दोन प्रश्न जास्त विचारतात. हे अनुभव खरे आहेत आणि मी ते खोटे म्हणणार नाही. म्हणूनच फरक करायला शिका. सगळ्यांची बाटली जात असेल तर तो नियम आहे. तुमचीच जात असेल तर ती तक्रार आहे. नियमावर ओरडण्यात ताकद घालवली, की खऱ्या तक्रारीच्या वेळी आपलं कुणी ऐकत नाही. त्या दिवशी मी तेच केलं होतं.

तक्रार असेल तेव्हा आवाज चढवू नका. शांतपणे विचारा, ‘‘कोणत्या नियमाने?’’ वेळ, काउंटर, गणवेशावरचं नाव टिपून घ्या. बाहेर आल्यावर लेखी द्या. जुलै २०१९ मध्ये एअर इंडियाने विमान बदलल्यामुळे जेद्दाहून येणाऱ्या काही फेऱ्यांवर जमजमचे डबे नेता येणार नाहीत असं कळवलं होतं. लोकांनी जाब विचारला आणि काही दिवसांतच कंपनीने दिलगिरी व्यक्त करून तो निर्णय मागे घेतला. आणि वडूजला हे मी काय सांगू? ९ सप्टेंबर १९४२ ला इथल्या कचेरीवर मोर्चा नेणाऱ्यांचं हे गाव आहे. हुतात्मा स्मारकावरून आपण रोज जातो. सत्तेला प्रश्न विचारणं इथे नवं नाही. प्रश्न बरोबर जागी विचारायचा, एवढंच.

खालाचं सांगायचं राहिलं. सामानातला सीलबंद डबा सुखरूप वडूजला पोचला. अम्मीने त्यातलं वाटीभर काढलं आणि खालाला चमच्याने पाजलं. मी म्हणालो, ‘‘अम्मी, तू तिचं नाव घेऊन भरलेलं ते हे नाही.’’ अम्मी म्हणाली, ‘‘नाव मी आता घेतलं की.’’

तर माझं एकच मागणं आहे. तुमच्या गल्लीतून कुणी उमऱ्याला, हजला किंवा नोकरीसाठी आखातात निघालं, की आदल्या रात्री अर्धा तास त्यांच्या घरी जा. बॅग उघडून बसा. बाटल्या बघा, औषधांची चिठ्ठी बघा, परतीचा रस्ता कोणत्या विमानतळावरून आहे ते बघा. आपल्या म्हाताऱ्या माणसांना परक्या देशात खुणा करून पाण्यासाठी विनवावं लागू नये. तेवढं तुम्हाला नक्की जमेल.