लाल पेन बाहेर ठेवून या

(बिबवेवाडीत तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला इथं कवी म्हणून बोलावलंय. दोन कविता म्हटल्या असत्या, टाळ्या घेतल्या असत्या, चहा पिऊन घरी गेलो असतो. पण आज कविता म्हणणार नाही. दुसरी-तिसरीतल्या पोरांबद्दल बोलणार आहे. मागच्या बाजूला कुणीतरी हसलं. हसा. मोर्चा काढणं म्हणजे काम, परिषद भरवणं म्हणजे काम, आणि आठ वर्षांच्या पोरीच्या चार ओळी ऐकत सतरंजीवर बसणं म्हणजे टाइमपास, असं आपल्याला वाटतं. मलाही तसंच वाटायचं.

दोन वर्षं झाली, दर शनिवारी सकाळी मी इथल्याच, अप्पर इंदिरानगरच्या बाजूच्या एका शाळेत जातो. पोरांबरोबर गोष्टी आणि कविता करतो. वीस-पंचवीस पोरं असतात. कुणाचा बाप मार्केटयार्डात पोती उचलतो, कुणाचा रिक्षा चालवतो. कुणाची आई सोसायट्यांत धुणीभांडी करते, कुणाची पाठीवर गोणी टाकून भंगार वेचते. बऱ्याच जणांचे आजे १९७२ च्या दुष्काळात सोलापूर-मराठवाड्यातून पोट घेऊन पुण्याला आलेले. घरात कुठं मराठी, कुठं कानडी, कुठं तेलुगू, कुठं लमाणी. रस्त्यावर सगळ्यांची मिळून एकच खिचडी.

पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "पोरांनो, कविता लिहा." वीस कविता आल्या. विसात मोर, चांदोबा, मामाचा गाव, आमराई. मी विचारलं, मोर कुणी पाहिलाय? एकाचा हात वर. कुठं? "कात्रजला, पिंजऱ्यात." मामाच्या गावाला आमराई कुणाची हाय? कुणाचीच न्हाय. एकाचा मामा बाजूच्याच गल्लीत राहतो.

म्हणजे तिसरीतल्या पोरांना एवढं पक्कं कळलेलं होतं, की कविता म्हणजे जे आपल्याकडं नसतं ते. दुसऱ्याच्या घरचं.

मग मी म्हणालो, लिहू नका, नुसतं बोला. काल रात्री झोपायच्या आधी शेवटचा आवाज कसला ऐकला? एक पोरगा उठला. म्हणाला, "पानी आल्याचा." आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. "पानी, पानी!"

आता बघा. हसणारी पोरं कुठल्या वाड्यातनं आलेली नव्हती. त्यांच्या घरात पण पानीच येतं. बाहेर चुकलं की हसतात, हे त्यांना कळलेलं होतं, म्हणून आपल्यावर हसायच्या आधी त्यांनी दुसऱ्यावर हसून घेतलं. त्या पोरानं पुढचे तीन शनिवार तोंड उघडलं नाही. एका 'ण'नं त्याची बोलती बंद केली. आपल्या बापजाद्यांना वर्गाबाहेर बसवलं होतं. सातारच्या शाळेत लहानग्या भीमरावाला स्वतःचं गोणपाट घेऊन बसावं लागायचं. ७ नोव्हेंबर १९०० हा त्याचा शाळेतला पहिला दिवस. २०१७ पासून सरकार तो विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतं. आज पोराला बाकावर बसवतात, रजिस्टरात नाव असतं, वर खिचडी मिळते. पण त्याची भाषा अजून दाराबाहेर गोणपाटावर बसलेली आहे. पोरगं आत, जीभ बाहेर.

मी गुरुजींना शिव्या द्यायला उभा नाही. एका बाईच्या अंगावर दोन-दोन वर्ग, शिवाय मतदार याद्या, शिवाय सर्वेक्षणं, शिवाय मोबाइलवर भरायची माहिती. त्या बाईलाही कुणीतरी असंच हसून शिकवलेलं असतं. प्रश्न बाईचा नाही. प्रश्न, पोरानं तोंड उघडलं की पहिल्यांदा आपण काय ऐकतो, हा आहे. तो काय सांगतो हे ऐकतो, की तो काय चुकतो हे ऐकतो?

याच पुण्यात हे एकदा वेगळं घडलेलं आहे. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये एका मुलीचा निबंध छापून आला. मुक्ता साळवे तिचं नाव. मांगाची पोर, वय जेमतेम चौदा, जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी. विषय, मांग-महारांचं दुःख. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कुठला, असं ती सरळ देवालाच विचारते. इमारतींच्या पायात आमच्या माणसांना गाडलं, ते सांगते. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसतं, ते सांगते. आपण दलित साहित्याची सुरुवात शोधताना १९५८ चं दादरचं पहिलं संमेलन सांगतो, अण्णा भाऊंचं तिथलं भाषण सांगतो, १९७२ ची पँथर सांगतो. बरोबरच आहे. पण त्याच्या शंभर वर्षं आधी बुधवार-वेताळ पेठेच्या परिसरात एका शाळकरी पोरीनं हे लिहून ठेवलं होतं. का लिहू शकली? अक्षर मिळालं म्हणून, हे खरंच. पण अक्षर तर आज आपल्या वस्तीतल्या सगळ्या पोरांना मिळतं. मुक्ताला आणखी एक गोष्ट मिळाली. तू जे सांगतेस ते ऐकण्यासारखं आहे, असं मानणारी माणसं मिळाली.

आणि अण्णा भाऊ? वाटेगावच्या शाळेत जेमतेम दीड दिवस टिकले म्हणतात. पुढं 'फकिरा' लिहिली. आपण हे अभिमानानं सांगतो. मला त्यात आता वेगळंच दिसतं. दीड दिवसात शाळेनं हाकललेल्या अशा किती पोरांच्या पोटात 'फकिरा' तशीच राहिली असेल, त्याचा हिशेब कोण देणार?

आता मी काय करतो ते सांगतो. त्यात जादू काही नाही.

गोल करून बसतो. टेबल-खुर्ची नाही. पहिली पंधरा मिनिटं गोष्ट. मी अर्धी सांगतो, उरलेली पोरं पुढं नेतात. मध्ये एखादी वस्तू ठेवतो. कुलूप, हंडा, तुटकी चप्पल, मार्केटयार्डातनं आणलेलं रिकामं पोतं. ही वस्तू बोलायला लागली तर काय बोलेल? पोरं बोलतात, मी फळ्यावर लिहितो. जसं बोललं तसं. पानी तर पानी. मंग तर मंग. मग पोरगं फळ्याकडं बघतं आणि त्याचं स्वतःचं वाक्य वाचतं. वाचता न येणारं पोरगंसुद्धा ते वाचतं, कारण ते त्याचंच असतं.

ही काही माझी अक्कल नाही. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर नावाची बाई माओरी पोरांना शिकवायची. ती प्रत्येक पोराला रोज विचारायची, तुला कुठला शब्द पाहिजे? त्यानं मागितलेला शब्द कार्डावर लिहून त्याच्या हातात द्यायची. भीतीचे, मायेचे, भांडणाचे शब्द पोरं एकदा बघून ओळखायची. पुस्तकातले गोडगोड शब्द विसरून जायची. १९६३ साली तिनं त्यावर पुस्तक लिहिलं. मी आमच्या पोरांना विचारलं, तेव्हा मागितलेले शब्द असे होते: आय, हप्ता, भूत, सँडविच, पोलीस, आजीचा दात. सांगा, हे कुठल्या बाराखडीत बसतं?

आणि सगळं काही रडगाणं नसतं. एका पोरानं गोष्ट रचली. रात्री सगळ्या बसा अप्पर डेपोला झोपायला येतात. दिवे गेले की गप्पा मारतात. एक म्हणते, मी आज स्वारगेटला तीनदा गेले. दुसरी म्हणते, माझ्यात एक बाई रडत होती, मी कुणाला सांगितलं न्हाय. हे कुणी? तोच, पानीवाला. चौथ्या शनिवारी बोलला. त्या दिवशी मला घरी जाताना चालवेना.

आता माझा गुन्हा सांगतो. तो सांगायलाच आज उभा राहिलोय.

तिसरीतल्या एका मुलीची आई मार्केटयार्डात कांदा निवडायला जाते. त्या मुलीनं लिहिलं:

आयच्या हाताला कांद्याचा वास.
मी झोपते तवा
तो वास माझ्या डोक्यावरनं फिरतो.
मंग मला झोप येती.

मी वाचलं आणि माझ्यातला विद्रोही कवी जागा झाला. म्हटलं, वा, काय मटेरियल आहे! पेन काढलं. 'कांद्याचा' खोडलं, वर लिहिलं 'शोषणाचा'. शेवटी झोप कशाला? झोप म्हणजे पराभव. तिथं लिहिलं, 'मंग मला जाग येती'. आणि मोठ्या कौतुकानं तिला वाचून दाखवलं.

तिनं विचारलं, "दादा, शोषण मंजी काय?"

मी पाच मिनिटं समजावलं. हमाली, मजुरी, अडत, सगळं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण आयच्या हाताला कांद्याचाच वास येतो." आणि वही माझ्याकडं सरकवली. "ही तुमची कविता हाय. तुम्हीच ठेवा."

दोस्तांनो, सनातन्यांनी आमच्या जिभा कापल्या, असं मी व्यासपीठावरनं शंभर वेळा बोललो असेल. त्या दिवशी माझ्या हातात लाल पेन होतं. वर्गात 'पानी'ला हसणारे आणि 'कांद्या'वर 'शोषण' लिहिणारा मी, यात फरक काय? दोघांनीही पोरीला एकच सांगितलं, तुझं खरं पुरेसं नाही, आमचं घे. उलट माझं पाप मोठं. तिच्या कवितेत आईचं राबणं होतंच. दिवसभर राबून आलेला हात पोरीच्या डोक्यावरनं फिरतो आणि पोरीला झोप लागते, यापेक्षा माणसाची किंमत वेगळी काय सांगायची असते? ते मला वाचताच आलं नाही. कारण मला फक्त माझे शब्द वाचता येत होते.

आपण सगळे हे करतो. चौदा एप्रिलला पाच वर्षांच्या पोराला कोट घालून, चष्मा लावून स्टेजवर उभं करतो. पाठ केलेलं भाषण ते घडाघडा म्हणतं, आपण टाळ्या वाजवतो, हातात चॉकलेट ठेवतो. त्याला काय वाटतं हे कुणी विचारलंय? बाबासाहेबांच्या नावानं घोकंपट्टी केली तरी ती घोकंपट्टीच. मुक्ता साळवेबद्दल सांगतात, की बक्षीस समारंभात तिला खाऊ दिला तर ती म्हणाली, खाऊ नको, आम्हाला वाचायला पुस्तकं द्या. आपण अजून खाऊच वाटतोय.

आपण पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून घेतलं. त्यांचे काळे कोट आणि बंदुका आपल्याला पाठ आहेत. पण १९६९ साली ओकलंडमध्ये त्याच ब्लॅक पँथरनी शाळेत जाणाऱ्या पोरांना सकाळचा फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली, पुढं स्वतःची शाळा चालवली, हे आपण विसरतो. जून जॉर्डन ही काळी कवयित्री त्याच काळात ब्रुकलिनमध्ये शनिवारी-शनिवारी काळ्या आणि पोर्टो रिकन पोरांबरोबर बसायची. १९७० साली त्या पोरांच्या कवितांचं पुस्तक निघालं. इटलीत बार्बियानाच्या आठ शेतकरी-पोरांनी नापास करणाऱ्या बाईंना पत्र लिहिलं, मराठीत ते 'प्रिय बाई' म्हणून आलेलं आहे. वाचा ते. चळवळ तिथं पोरांच्या पातळीवर उतरली नव्हती, चढली होती.

कुणी विचारेल, मग काय पोरांना जन्मभर पानीच म्हणू द्यायचं? अर्ज, परीक्षा, मुलाखत, कोर्ट, सगळं तर प्रमाण भाषेत. बरोबर. ती भाषा आपल्याला हिसकावून घ्यायचीच आहे. ती कुणाच्या बापाची नाही. माझी पोरं महिन्याभरानं स्वतःच विचारतात, "दादा, हे पुस्तकात कसं लिवत्यात?" मग मी शेजारी दुसऱ्या रांगेत लिहितो. पहिली रांग पुसत नाही. दोन्ही ठेवतो. घरची भाषा गहाण टाकून दुसरी आणायची नाही. घरची खिशात ठेवून दुसरी कमवायची.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. तुमच्यातल्या दहा जणांनी शनिवारचे दोन तास द्या. भाषण करायला येऊ नका, ऐकायला या. स्पर्धा नको, पहिला-दुसरा नंबर नको, पोरांबरोबर फोटो नको. पोरांच्या कविता आपल्या अंकात छापायच्या असतील तर पोरांना विचारा, नाही म्हणाली तर नाही. आणि लाल पेन दाराबाहेर ठेवून या. हिरवं असलं, निळं असलं, तरी तेही बाहेरच ठेवा.

ती मुलगी दोन शनिवार आली नाही. तिसऱ्या शनिवारी आली. मी तिची वही परत दिली. माझं सगळं खोडून, तिच्या चार ओळी जशाच्या तशा पुन्हा लिहून. तिनं बोट ठेवून एकेक शब्द तपासला. मग म्हणाली, "आता बराबर हाय." आणि गोलात येऊन बसली.

मला आजवर मिळालेलं सर्टिफिकेट ते एवढंच.

जयभीम.