इंजिनाचा जोर का कमी होतो?



आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या एका अंगाला वर्धा नदी, दुसऱ्या अंगाला पैनगंगा. मधे अडाण, अरुणावती, पूस. नदीनाल्याच्या काठी ऑइल इंजिन लावून आपण हरभऱ्याला, गव्हाला पाणी देतो. वीज पोचली नाही किंवा वेळेवर आली नाही, तर इंजिनाचाच आधार. ऐन ओलिताच्या वेळी ते ढिले पडले तर? डिझेल जास्त जळते, पाणी कमी येते, पीक सुकते.

आधी इंजिन कसे चालते ते पाहू. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन माणसाने १८९७ साली असे इंजिन चालवून दाखवले. या इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा दाबतो. दाबलेली हवा तापते. सायकलीत हवा भरताना पंप गरम होतो ना? तसेच. त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा उडतो आणि पेट घेतो. म्हणजे तीन गोष्टी हव्यात : भरपूर हवा, स्वच्छ डिझेल आणि पक्का दाब. एक कमी पडली की जोर गेला.

पण लगेच इंजिनाला दोष देऊ नका. पट्टा घसरतो का, ते पाहा. इंजिन नीट फिरते पण पाणी कमी येते, तर फूटव्हॉल्व्हमध्ये पालापाचोळा अडकला असेल. पाइप कुठे हवा खात असेल.

आता धूर पाहा. धूर काळा असेल, तर डिझेल पुरते जळत नाही. हवा कमी मिळते, किंवा इंजिनावर बोजा जास्त आहे, किंवा नोझल खराब आहे. धूर निळसर असेल, तर इंजिनातले वंगणाचे तेल जळते. रिंगा झिजल्या असतील. धूर पांढरा आणि थांबतच नसेल, तर डिझेलात पाणी असेल, किंवा डिझेल न जळताच बाहेर जात असेल.

मग इंजिन बंद करा. थंड होऊ द्या. सोप्या कामापासून सुरुवात करा.

पहिले, हवेची गाळणी. आपली काळी माती वाळली की बारीक धूळ उडते. ती गाळणीत बसते. गाळणी साफ करा. खाली तेलाची वाटी असेल, तर गढूळ तेल बदला. गाळणी काढून इंजिन कधीच चालवू नका. धूळ आत गेली की दट्ट्या आणि रिंगा झिजतात.

दुसरे, डिझेल. टाकीच्या झाकणाचे बारीक भोक बुजले का? ते बुजले तर डिझेल खाली उतरत नाही. टाकीच्या तळाशी पाणी, गाळ आहे का? डिझेलची गाळणी बदलली, की नळीत शिरलेली हवा काढावी लागते.

तिसरे, दाब. हँडल हाताने फिरवून पाहा. दाबाच्या जागी ते जड लागले पाहिजे. सहज फिरत असेल, तर व्हॉल्व्ह किंवा रिंगा गेल्या. हे काम मिस्त्रीचे. नोझलही मिस्त्रीलाच तपासू द्या. त्याचा फवारा इतक्या जोराचा असतो, की कातडीतून आत शिरतो.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. पंप फार तर सहा-सात मीटर खालचे पाणी ओढतो. म्हणून काही लोक इंजिनच विहिरीत उतरवतात. असे करू नका हो! धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो विहिरीत साचतो आणि माणूस बेशुद्ध पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. असे झाले, तर कोणी खाली उतरू नये. माणसे बोलवावीत, १०८ वर फोन करावा. इंजिन दुरुस्त होते, गेलेला माणूस परत येत नाही.

शेवटी एक सांगणे. आता आपल्याला वाचता येते. इंजिनासोबत मिळालेले पुस्तक काढा, वाचा. तेल किती घालायचे, किती तासांनी बदलायचे, ते त्यात दिलेले असते. तेल बदलल्याची तारीख खोपडीच्या भिंतीवर लिहून ठेवा. घरच्या बाईलाही ती वाचू द्या. ती आठवण करून देईल, आणि पाण्याची पाळी चुकणार नाही.