मेदाची कोठी
(मंडळाच्या कुटुंबमेळाव्यात हिवरे बाजार येथे केलेले भाषण)



आज सकाळी आपण सर्वांनी येथील डोंगरउतारावरील समतल चर पाहिले. १९७२ च्या दुष्काळात होरपळलेले हे गाव पुढे श्री. पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात पाऊस जमिनीत मुरवावयास शिकले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडू लागले. आरोग्यावर चार शब्द सांगण्याचे काम आमच्याकडे आले आहे. शरीरातील मेदाचा व्यवहारही बराचसा ह्याच धर्तीचा असल्यामुळे आम्ही तोच विषय घेतला.

मेद म्हणजे अंगावरचे निरुपयोगी ओझे, असा समज आहे. वस्तुतः ती कोठी आहे. जेवणातील तूप-तेल पचून रक्तात येते, तेव्हा इन्शुलिनच्या इशाऱ्याने मेदपेशींलगतच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील एक पाचक द्रव्य त्या स्निग्ध कणांची फोड करते. सुटलेली मेदाम्ले पेशी आत ओढून घेतात व साठवितात. रात्री किंवा उपवासात इन्शुलिन उतरले, की तीच मेदाम्ले बेताबेताने बाहेर पडून स्नायूंना व हृदयाला जळण पुरवितात. ऑक्सफर्डचे संशोधक कीथ फ्रेन यांनी २००२ साली हे कार्य विशद केले. जेवणानंतरचा स्निग्धतेचा लोंढा अडविणे, हेच मेदाचे मोठे काम होय.

मग लठ्ठपणात बिघडते काय? कोठी मोठी, म्हणून तीतून बाहेर पडणारी मेदाम्लेही त्याच मानाने अधिक, असे पुष्कळ काळ मानले जाई. २०११ साली ऑक्सफर्डमधूनच प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पोट सुटलेल्या पुरुषांच्या मेदाची तपासणी झाली, तेव्हा निराळेच दिसले. तेवढ्याच वजनाच्या मेदामागे बाहेर पडणारी मेदाम्ले सडपातळ पुरुषांपेक्षा कमी होती. परंतु जेवणानंतर नवा स्नेह आत घेण्याची तत्परताही मंदावली होती. गाळाने भरलेला तलाव दिसावयास विस्तीर्ण असतो, पण नवे पाणी आले की ते सांडव्यावरून निघून जाते. तसाच हा प्रकार. न सामावलेला स्नेह यकृतात, स्नायूंत आणि स्वादुपिंडात जाऊन बसतो. ही काही साठवणीची ठिकाणे नव्हेत. यकृत व स्नायू इन्शुलिनला दाद देईनासे होतात, साखर चढते, आणि मधुमेहाची वाट मोकळी होते.

येथे आपल्यातील कृश मंडळी निश्चिंत झाली असतील. त्यांच्यासाठीच पुढील हकीकत आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा स्नेह्यांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के! ह्याची मुळे जन्मापूर्वीच असतात. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बालके हाडापेराने व स्नायूंनी लहान होती. मेद मात्र त्या मानाने फारसा घटलेला नव्हता. म्हणून आपल्या घरातील गर्भवती सुनेच्या ताटाकडे लक्ष देणे हा आम्हांस विवाहखर्चाहून अधिक महत्त्वाचा प्रश्न वाटतो. ती सर्वांच्या मागून, उरलेसुरले जेवते, ही रीत अजून किती घरांत आहे, हे ज्याचे त्याने पाहावे.

आग्रहाच्या पंगतींविषयी बोलून यजमानांचा रोष ओढवून घेण्याची आमची इच्छा नाही. तथापि ह्या गावाने पाणी पिणारा ऊस दूर ठेवला, तो उसाशी वैर म्हणून नव्हे. ताळेबंदात बसत नव्हता म्हणून. जिलबीचेही तसेच आहे. दिलासा एवढाच, की वजन थोडे उतरले तरी यकृतात साचलेला मेद लवकर हटू लागतो. चालणाऱ्याचे स्नायू मेदाम्ले जाळतात, हाही लाभच.

कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेल्यास रक्तातील साखर तपासून घ्यावी. मंडपाच्या दाराशी मोजपट्टी ठेवली आहे. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून माप घ्यावयाचे. पोट आत ओढून नव्हे. आणि मोजणी भोजनापूर्वीच उरकावी, कारण आजच्या आचाऱ्याची ख्याती आम्ही ऐकून आहोत.