ग्रंथमंदिरांचा जीर्णोद्धार

(सुवर्णमहोत्सवानिमित्त ठाकूरद्वार येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जैन समाजाला ‘जीर्णोद्धार’ हा शब्द नवा नाही. नवे मंदिर बांधण्याच्या पुण्यापेक्षा जुन्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, असे पूर्वापार सांगितले जाते. दान देण्याची जी सात क्षेत्रे मानली गेली, त्यांत जिनमूर्ती आणि जिनमंदिर यांच्या जोडीने जिनागमाला, म्हणजे ग्रंथाला, स्थान आहे. जेसलमेरच्या किल्ल्यात जिनभद्रसूरींनी पंधराव्या शतकात जो ज्ञानभांडार उभारला, तो मंदिराच्या तळघरात, कोरड्या आणि थंड जागी ठेवला गेला. म्हणूनच तेथील ताडपत्रे शतकानुशतके टिकली. ज्ञानपंचमीला ग्रंथ बाहेर काढून पुसण्याची आणि त्यांना हवा देण्याची प्रथाही याच दूरदृष्टीतून आली. ग्रंथ राखायचा तर ग्रंथाचे घर राखले पाहिजे, हे त्या पूर्वजांनी जाणले होते. त्याच दृष्टीने मुंबईतील सार्वजनिक ग्रंथालयांच्या वास्तूंकडे पाहावे, एवढाच आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

ठाकूरद्वारचा परिसर हा या विषयासाठी अगदी योग्य परिसर होय. गिरगावच्या चाळींनी महाराष्ट्राला लेखक दिले, नाटककार दिले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाचक दिले. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची ठाकूरद्वार शाखा याच भागातली. एका खोलीत आठ-दहा माणसे राहत असत, त्या काळी विद्यार्थ्याला शांतपणे बसून अभ्यास करण्यासाठी वाचनालयाखेरीज दुसरी जागा नव्हती. दुकानातील गुमास्ता दिवसभराचे काम आटोपून वर्तमानपत्र वाचायला तेथेच जाई.

महाराष्ट्रातील ग्रंथालय चळवळ याहूनही जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. या संस्थांनी शतकाची सीमा केव्हाच ओलांडली आहे. परंतु संस्था जुनी होते तशी तिची वास्तूही जुनी होते. संस्थेचा अमृतमहोत्सव वा शताब्दी साजरी होते. वास्तूच्या भिंतीत मुरणाऱ्या पाण्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही.

मुंबईतील दोन वास्तूंची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. पहिली वास्तू जैन बांधवांना विशेष जिव्हाळ्याची. मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि त्यावरील राजाबाई मनोरा ही कापसाचे सुप्रसिद्ध व्यापारी शेठ प्रेमचंद रायचंद यांची देणगी होय. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते. त्या भरभराटीत, १८६४ साली, प्रेमचंदशेठांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि त्यानंतर घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला मातोश्री राजाबाईंचे नाव द्यावे, अशी त्यांची इच्छा होती. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचे व्रत पाळणाऱ्या, दृष्टी गेलेल्या मातोश्रींना मनोऱ्याच्या टोल्यांवरून वेळ कळे, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते.

युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले. १८६५ मध्ये मुंबईच्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या आणि प्रेमचंदशेठांच्याही संपत्तीचा फार मोठा भाग नाहीसा झाला. तथापि दिलेले दान सुरक्षित राहिले. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्लंडमधील वास्तुविशारदाने, स्वतः हिंदुस्थानात पाऊलही न टाकता, या वास्तूचे आराखडे तयार केले होते. १८६९ साली पायाभरणी झाली आणि १८७८ साली सुमारे २८० फूट उंचीचा मनोरा पूर्ण झाला. बाजारात मिळविलेली दौलत बाजारातच गेली. ग्रंथालयाला दिलेली दौलत आज दीडशे वर्षांनंतरही विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडत आहे. व्यापारी माणसाने हा हिशेब अवश्य ध्यानात घ्यावा.

परंतु दगडाची वास्तूही वयाला अपवाद नाही. समुद्राची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि वाहनांचा धूर यांनी दगडकाम, लाकूडकाम आणि रंगीत काचांच्या खिडक्या यांची हानी झाली होती. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने चार कोटी रुपयांहून अधिक साहाय्य दिले आणि २०१५ मध्ये या वास्तूचे पुनरुज्जीवन पूर्ण झाले. २०१८ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा-जतन पुरस्कारांत या कामाचा गौरव झाला. मूळ दाता कापसाचा व्यापारी आणि जीर्णोद्धाराचा दाता संगणकाच्या व्यवसायातला. काळ बदलला, तरी ज्ञानाच्या वास्तूला व्यवसायाचा हात लागतोच.

दुसरी वास्तू काळा घोडा येथील डेव्हिड ससून ग्रंथालयाची. सरकारी टांकसाळ आणि गोदीतील तरुण कारागिरांनी १८४७ साली एकत्र येऊन ज्या संस्थेचे बीज रोवले, तिला पुढे १८७० मध्ये ही देखणी वास्तू लाभली. एकूण सव्वा लाख रुपये खर्चापैकी साठ हजार रुपये डेव्हिड ससून या बगदादी ज्यू व्यापाऱ्याने दिले होते. या वास्तूचे मूळचे छप्पर उतरते होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते काढून तेथे सिमेंट-काँक्रीटचा सपाट स्लॅब घालण्यात आला. करणाऱ्यांचा हेतू निश्चितच चांगला असणार. कौले फुटतात, स्लॅब फुटत नाही, अशी त्या काळची सर्वसाधारण समजूत होती. मुंबईच्या पावसाचा स्वभाव मात्र वेगळा. उतरत्या छपरावरून पाणी निघून जाते. सपाट स्लॅबवर ते थांबते, भेग शोधते आणि खाली उतरते. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या जीर्णोद्धारात तो स्लॅब उतरवून मूळ धर्तीचे उतरते छप्पर पुन्हा बसविण्यात आले. जेएसडब्ल्यू फाउंडेशन, आयसीआयसीआय फाउंडेशन आदींच्या साहाय्याने हे कार्य होऊन २०२३ मध्ये ग्रंथालय वाचकांसाठी पुन्हा खुले झाले आणि त्याच वर्षी युनेस्कोच्या पुरस्कारानेही ते सन्मानित झाले.

या उदाहरणातून पहिला धडा मिळतो तो असा, की चुकीची दुरुस्ती ही दुर्लक्षाइतकीच घातक ठरू शकते. जुन्या वास्तूंच्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुना ओल शोषतो आणि ती हवेत सोडूनही देतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की बाहेर पडण्याची वाट बंद होऊन ओल आतच कोंडते, क्षार वर येतात, दगडाचे पापुद्रे सुटू लागतात आणि भिंतीत टेकलेली सागवानी तुळयांची टोके कुजतात. कापडाच्या व्यवहारातील मंडळींना हे सहज उमजेल. मलमलीच्या फाटक्या जागी जाड नायलॉनच्या दोऱ्याने टाका घातला, तर टाका टिकतो आणि त्याच्या शेजारचे कापड फाटते. चांगला रफूगार प्रथम मूळ वस्त्राचे सूत पाहतो, त्याच जातीचा धागा घेतो आणि मगच सुई हाती धरतो. वास्तूचे रफूकामही असेच असते. चुन्याच्या भिंतीला चुनाच हवा, तोही नीट भिजविलेला आणि घाणीत मळलेला. अशा कामाचे गवंडी आज थोडे उरले आहेत. प्रत्येक योग्य जीर्णोद्धारातून त्यांच्या हाताला काम मिळते आणि ती विद्याही जिवंत राहते.

दुसरा धडा कामाच्या क्रमाचा. रंगरंगोटी ही सर्वांत शेवटची गोष्ट. परंतु देणगीदारांना दिसते तीच, म्हणून अनेकदा ती प्रथम केली जाते. वास्तविक आधी संपूर्ण वास्तूचे मोजमाप, नकाशे आणि छायाचित्रे तयार करावीत. त्यानंतर छप्पर, पन्हळी आणि पावसाळी नळ दुरुस्त करावेत. भिंतीत रुजलेली पिंपळाची रोपे मुळासकट काढावीत, कारण वरवर छाटलेला पिंपळ अधिक जोमाने फुटतो. मग लाकूडकाम, वाळवीचा बंदोबस्त, विजेच्या तारा आणि अग्निशमनाची व्यवस्था. विजेची जुनी जोडणी आणि कोरडा कागद यांचा शेजार किती धोकादायक असतो, हे सांगावयास नकोच. काम चालू असताना ग्रंथ कोठे आणि कोणत्या क्रमाने ठेवले, याची नोंदवही न राखल्यास वास्तू वाचते आणि संग्रह विस्कटतो.

तिसरी बाब ठाकूरद्वारसारख्या भागासाठी सर्वांत निकडीची आहे. राजाबाई मनोरा आणि ससून ग्रंथालय या पहिल्या श्रेणीच्या वारसा वास्तू. १९९५ च्या वारसा नियमावलीचे संरक्षण त्यांना आहे आणि मोठ्या उद्योगसमूहांची दृष्टीही तेथवर पोहोचते. गल्लीतल्या वाचनालयाला यांपैकी काहीही नसते. अशी वाचनालये बहुधा उपकरप्राप्त जुन्या इमारतीत भाडेकरू असतात. भुयारी मेट्रोच्या कामासाठी गिरगाव-काळबादेवीतील काही जुन्या इमारती गेल्या. इतर अनेक इमारती पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत. पुनर्विकास सर्वत्र टाळता येणार नाही आणि धोकादायक इमारतीत माणसांनी राहावे, असेही कोणी म्हणणार नाही. परंतु करारनाम्यावर स्वाक्षरी करताना रहिवाशांच्या चौरस फुटांची जेवढी चिकित्सा होते, तेवढी वाचनालयाच्या जागेची होत नाही.

येथे एक साधा आकडा प्रत्येक कार्यकारी मंडळाने लक्षात ठेवावा. भारतीय मानकांनुसार राहत्या घराची जमीन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून आखली जाते. ग्रंथांची कपाटे ओळीने मांडायची असल्यास हाच भार किमान ६०० किलो धरावा लागतो. म्हणजे नव्या मनोऱ्यात नेहमीच्या सदनिकेसारखी जागा स्वीकारली, तर क्षेत्रफळ तेवढेच मिळूनही ग्रंथ ठेवता येणार नाहीत. म्हणून जागा कोणत्या मजल्यावर, किती भार पेलणारी, बांधकामाच्या काळात संग्रह कोठे राहणार आणि त्याचे भाडे कोण देणार, या चार गोष्टी करारात स्पष्ट लिहून घ्याव्यात. ज्येष्ठ वाचकांचा विचार करता तळमजला किंवा पहिला मजला हाच आग्रह असावा.

जेथे वास्तू संस्थेच्या मालकीची आहे, तेथे तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे. ते केवळ कागदाची पूर्तता म्हणून न करता, जुन्या बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याकडून करून घ्यावे. ‘इमारत जीर्ण आहे’ आणि ‘इमारत पाडण्यायोग्य आहे’ ही दोन वाक्ये एक नव्हेत, हे तोच सांगू शकेल. फोर्टमधील जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटची १८९८ सालची वास्तू अशाच जाणत्या हातांनी सावरली आणि २०१५ साली युनेस्कोने तिचा सन्मान केला.

निधीचा प्रश्न शेवटी येतोच. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने राज्यात अनुदानाची व्यवस्था घातली. ‘अ’ ते ‘ड’ वर्गानुसार मिळणारे हे अनुदान सेवकांचे वेतन आणि ग्रंथखरेदी यांतच संपते. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या साहाय्य-योजना आहेत. त्यांचा पाठपुरावा चिकाटीने करावा लागतो. उरलेला भार समाजाने उचलावयाचा आहे. येथे व्यापारी वर्गाने आपली एक जुनी सवय उपयोगात आणावी. पेढीवर दरवर्षी घसाऱ्याची तरतूद केली जाते, कारण वस्तू झिजणार हे गृहीत असते. ग्रंथालयाच्या ताळेबंदातही दरवर्षी एक ठरावीक रक्कम वास्तुनिधी म्हणून बाजूला पडली, तर वीस वर्षांनी संकट कोसळल्यावर वर्गणीसाठी धावाधाव करावी लागणार नाही. देणगीदारांनीही संगमरवरी नामफलकाचा आग्रह थोडा सैल करावा. पन्हळीच्या दुरुस्तीवर कोणाचे नाव कोरता येत नाही. पण हजारो ग्रंथ कोरडे राहतात ते तिच्यामुळेच.

आता तरुण पिढी वाचत नाही, सारे काही भ्रमणध्वनीवर मिळते, मग या वास्तू कशासाठी राखायच्या, असा प्रश्न विचारला जातो. परीक्षांच्या हंगामात एखाद्या अभ्यासिकेत डोकावून पाहिल्यास त्याचे उत्तर मिळते. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले-मुली सकाळीच येऊन खुर्ची धरतात, कारण त्यांच्या घरी आजही तेवढी शांत जागा नसते. शंभर वर्षांपूर्वीच्या गिरगावकर विद्यार्थ्याची गरज आणि आजच्या विद्यार्थ्याची गरज यांत फारसा फरक पडलेला नाही. शिवाय जुन्या मराठी मासिकांचे अंक आणि दुर्मीळ आवृत्त्या यांतील कितीतरी भाग अद्याप कोठेही संगणकावर आलेला नाही. मूळ प्रतच कुजून गेली, तर पुढे कोणतेही यंत्र ती परत आणू शकणार नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी नव्या वास्तूंचे अनेक संकल्प सोडले जातील आणि ते सोडले जावेतही. त्या संकल्पांच्या यादीत, येत्या पावसाळ्यापूर्वी परिसरातील एका तरी वाचनालयाचे छप्पर, पन्हळी आणि विजेची जोडणी तपासून देण्याचा संकल्प जोडला जावा. खर्च मोठा नाही. प्रत्येक पावसाळ्यात मात्र तो वाढत जाणार आहे.

जय जिनेंद्र.