मोठं व्हायची घाई कुणाला?

आज हप्ते आणि कर्ज जरा बाजूला ठेवू. आज एका कादंबरीविषयी बोलायचं आहे. मिलिंद बोकील यांची 'शाळा', २००४ साली आलेली. तिच्यावरचा सिनेमा तुमच्यापैकी काहींनी टीव्हीवर पाहिला असेल.

यातला मुकुंद जोशी नववीत आहे. काळ आणीबाणीचा, १९७५-७६ चा. जिकडेतिकडे शिस्तीच्या गोष्टी चाललेल्या, आणि हा गडी मित्रांबरोबर अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगीत जाऊन बसतो. वर्गातली शिरोडकर त्याला आवडते. समोर दहावी उभी आहे आणि त्याला ती नकोय. नववी संपूच नये! घरात असं पोरगं असलं तर आपण म्हणू, वाया चाललंय. पण तो आळशी नाही. मोठी माणसं बोलतात काय आणि वागतात काय, हे तो बघत असतो. त्यांच्यात जाऊन बसायची त्याला घाई नाही, इतकंच.

शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते. मुकुंदचं दुःख आपल्याला कळतं, कारण गोष्ट तोच सांगतो. तिला काय वाटलं? ते नाही कळत. आमचं सगळ्या जणींचं मन तिथंच अडकलं.

आपल्या जुन्नर-आंबेगावात मुलीला पदर आला की ती मोठी झाली. टोमॅटोचा तोडा आला, शाळा बुडव. आई हिरड्याला गेली, धाकट्याला सांभाळ. मुलगा नको म्हणाला तर 'लहान आहे अजून', मुलगी नको म्हणाली तर 'शेफारली'. मग ती तोंडानं नको म्हणतच नाही. बघायला पाहुणे येणार म्हटलं की तिच्या पोटात दुखतं. मैत्रिणींनो, ते नाटक नसतं. आपल्यातल्या कितीजणींच्या पोटात असंच दुखलं होतं, आठवून बघा.

अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावणं हा गुन्हा आहे. २००६ चा कायदा आहे, आणि गावात तो पाळला जातोय का हे बघणं ग्रामसेवकाचं काम आहे. १०९८ हा फोन रात्रीबेरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत. आणि बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे, तेव्हा घोडेगाव, मंचर किंवा जुन्नरला जायचं भाडं परवडत नाही, ही सबब चालायची नाही. (एसटी वेळेवर येत नाही, हे मात्र खरं.)

पुस्तक गटात एकीनं मोठ्यानं वाचावं, मुलींनाही बसवावं. शिरोडकर गाव सोडते तिथं आम्ही थांबलो आणि मुलींना विचारलं, ती काय म्हणाली असेल? बराच वेळ कुणी बोलेना. मग एक म्हणाली, "तिला पुढं दहावीला शाळेत घातलं का नाही, ते आधी सांगा."