कळसूची अट

दुपारची कामं आटोपून रेडिओजवळ बसला असाल. काही जणी निवडायचं ताट मांडीवर घेऊनही ऐकत असाल. आज मी बचतीबद्दल बोलणार नाही, एका डोंगराबद्दल बोलणार आहे. पण गटाचा विषय त्यात येईलच.

डोंगर कळसूबाईचा. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. नाशिकचा इगतपुरी तालुका आणि अहिल्यानगरचा अकोले तालुका यांच्या शिवेवर ते उभं आहे. आमच्या सिन्नरच्या बाजूने गेलं तर घोटी गाठायची आणि तिथून भंडारदऱ्याच्या रस्त्याने बारी हे पायथ्याचं गाव.

गेल्या थंडीत आमच्या गटातल्या अकरा जणी गेलो. बचतीला हात लावला नाही. जीपचं भाडं प्रत्येकीने वेगळं काढलं. देवाचं नाव होतं म्हणून घरून परवानगी मिळाली, हेही खरं सांगते.

पहाटे बारीतून निघालो. आधी शेतं, मग झाडी, मग चढ. हा डोंगर सरळ वर जात नाही. थोडी सपाटी लागते, मग कडा, पुन्हा सपाटी, पुन्हा कडा. असं का? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला लाव्हारस बाहेर आला, पसरला, थंड झाला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला. भाकऱ्यांची चवड रचावी तसे थरावर थर बसले. पुढे पावसापाण्याने मऊ थर झिजून उतार झाले आणि कठीण थर कडे होऊन उभे राहिले. आपला सगळा सह्याद्री असाच आहे. या कड्यांवर पूर्वी दगडाला धरून चढावं लागे. आता लोखंडी शिड्या लावल्या आहेत.

पहिल्या शिडीपाशी आमची एक मावशी खाली बसली. वय साठीच्या पुढे. म्हणाली, "तुम्ही जा गं, मी इथूनच हात जोडते." ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी पायथ्याला देवीचं देऊळ आहेच, त्यामुळे तिथूनच परतली असती तरी कुणी नावं ठेवली नसती. पण आम्ही एक केलं. मावशीला सगळ्यांच्या पुढे घातलं. ती चालेल त्या चालीने सगळ्यांनी चालायचं, ती थांबली की सगळ्यांनी थांबायचं. शिडीवर एका वेळी एकच बाई, दोन्ही हात मोकळे, नऊवारीचा ओचा घट्ट खोचलेला. अडीच-तीन तासांची वाट आम्हाला साडेचार तास लागली. पण अकराच्या अकरा जणी वर पोचलो.

वर छोटंसं देऊळ आहे, पाच-सहा माणसं मावतील एवढंच. नवरात्रात इथे जत्रा भरते. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी चमकतं, त्यापलीकडे रतनगड. त्याच बाजूला प्रवरा उगम पावते. पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग एका रांगेत उभे. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. समुद्राकडून येणारे ढग या डोंगरांना अडतात, म्हणून इथे पाऊस धो धो पडतो. पण कातळात पाणी मुरत नाही, वाहून जातं. त्यामुळे एवढ्या पावसाच्या मुलखातही उन्हाळ्यात वाड्यावाड्यांतल्या बायांच्या डोक्यावर हंडा असतोच.

आता कळसूची गोष्ट. लोक सांगतात, कळसू ही कोळ्याची मुलगी. पाटलाच्या घरी कामाला लागताना तिने अट घातली, की मी बाकी सगळं काम करीन, पण केरकचरा काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. पाटलाने मान्य केलं. एक दिवस घरी खूप पाहुणे आले आणि पाटलाने तिला तेच करायला लावलं. तिने भांडी घासली, केर काढला, आणि रागाने डोंगरावर निघून गेली ती कायमची. जिथे भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात, आणि ती जिथे राहिली तो कळसूबाईचा डोंगर.

मी वर बसून ही गोष्ट सांगितली. आमच्यातली एक जण ढाब्यावर भांडी घासते. मला वाटलं, तिला लागलं की काय. ती म्हणाली, "ताई, भांडी घासायची लाज नाही. पण बोलून फिरला ना पाटील, ते वाईट." तिच्या मालकाने दिवाळीत रोज वाढवून द्यायचं कबूल केलं होतं आणि दिलं नव्हतं. हे तिने गटात कधी बोललंच नव्हतं. ते तिथे वर आल्यावर बोलली.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघी तिच्याबरोबर ढाब्यावर गेलो. भांडण केलं नाही. ठरलेलं काय होतं, एवढंच विचारलं. मालकाने पुढच्या महिन्यापासून रोज वाढवला. मागची बाकी अजून यायची आहे. ती आम्ही गटाच्या वहीत लिहून ठेवली आहे आणि दर बैठकीत वाचतो.

तुम्हीही जा मैत्रिणींनो. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले. पावसाळ्यात दगड निसरडा होतो, उन्हाळ्यात ऊन सोसवत नाही. सुट्टीच्या दिवशी शिड्यांवर गर्दी असते, ते दिवस टाळा. घट्ट पकडीची चप्पल किंवा बूट घाला, माणशी दोन लिटर पाणी, भाकरी-चटणी बरोबर घ्या, प्लॅस्टिक परत आणा. आणि जी सगळ्यात हळू चालते, तिला पुढे ठेवा.