अंधेरीचा कातळ आणि मंगळाची माती

अंधेरी स्थानकाच्या पश्चिमेस, दाट वस्तीमध्यें, गिल्बर्ट हिल नांवाचा काळा कडा सुमारें दोनशें फूट सरळ उभा आहे. माथ्यावर गांवदेवीचें मंदिर आहे. पायऱ्या चढून दर्शनास जाणाऱ्या भाविकांपैकीं पायांखालचा दगड केव्हां व कसा झाला याचा विचार करणारे थोडेच. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून वर आलेला तप्त शिलारस थिजला आणि आकसतांना त्याला उभ्या चिरा पडून हे खांब तयार झाले. या दगडास भूशास्त्रज्ञ बेसॉल्ट म्हणतात. सह्याद्रीचे कडेहि बव्हंशीं याचेच.

या दगडाचें नातें थेट मंगळापर्यंत पोंचतें. ६ ऑगस्ट २०१२ रोजीं अमेरिकेच्या नासा संस्थेची क्युरिऑसिटी ही सहा चाकांची, सुमारें नऊशें किलो वजनाची गाडी त्या ग्रहावर उतरली. तेथें माणूस नसल्यामुळें माती उचलणें, चाळणें आणि तपासणें हीं तिन्ही कामें तिलाच करावीं लागतात. रॉकनेस्ट येथें तिनें वाळू उचलली, तेव्हां नवें भांडें वापरण्यापूर्वीं घासून घ्यावें, तसे पहिले घास आंतील भाग स्वच्छ करण्याकडेच लाविले. मग चाळलेली चिमूटभर पूड क्ष-किरणांच्या झोतांत धरली. प्रत्येक खनिजांतील अणूंची मांडणी निराळी असल्यामुळें किरण ठरावीक कोनांतच वळतात. त्यावरून खनिज ओळखतां येतें. फेल्स्पार, पायरॉक्सीन व ऑलिव्हीन हीं खनिजें निघालीं. अर्थात् ती माती बेसॉल्टाच्या झिजेची. दुसऱ्या उपकरणानें माती तापवितांच तिच्या वजनाच्या शंभर भागांत सुमारें दोन भाग पाणी वाफेच्या रूपानें बाहेर पडलें.

किरणांची ही भाषा माणूस शिकला तो पृथ्वीवरील दगड तपासूनच. म्हणूनच बुलढाणा जिल्ह्यांत, बेसॉल्टावर उल्का आदळून झालेल्या लोणारच्या विवरांतील दगड मंगळाच्या अभ्यासकांस मोलाचे वाटतात.

गिल्बर्ट हिलच्या भोंवतालचा कातळ मात्र खाणकामांत फुटून गेला. उरलेल्या कड्यास २००७ सालीं वारसा-स्थळाचा दर्जा मिळाला. शहरास खडी लागते, हें खरेंच. परंतु फुटलेला कडा पुन्हां उभा राहत नाहीं. उपनगरांतील आईबापांनीं एखाद्या रविवारीं मुलांना तेथें न्यावें आणि त्या काळ्या खांबांवर हात ठेवावयास सांगावें. कोट्यवधि मैलांवरच्या मातीचा सगोत्र त्यांच्या हाताखालीं असेल.